आजऱ्याचं पान तेवढं लगेच उघडतं

सुकुमार मगदूम यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. नळाला पाणी कधी येणार, असं विचारणाऱ्या लोकांना ‘जरा दम धरा’ सांगण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या गृहस्थांना स्वतःला मात्र दम म्हणून नव्हता. चहा उकळायच्या आधी ते कप घेऊन गॅसपाशी उभे, बस दिसायच्या आधी रस्त्याच्या मधोमध उभे. कॉम्प्युटरवर एखादं पान उघडायला क्षणभर उशीर झाला की बटण चार-चारदा दाबून मोकळे. यांच्या घाईमुळेच कॉम्प्युटर गोंधळतो, असं त्यांच्या बायकोचं, त्रिशलाबाईंचं, ठाम मत होतं.

त्या मंगळवारी सकाळी एसटीच्या तिकिटाचं पान उघडेना.

कॉम्प्युटर म्हणजे खरोखरीचा कॉम्प्युटर, टेबलावरचा, क्रोशाचं झाकण घातलेला. कोल्हापुरातली निम्मी माणसं एव्हाना चष्म्याच्या काचेवरच सगळं वाचू लागली होती. पण त्रिशलाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना तो चष्मा सोसत नव्हता. त्यांना हवा मोठा पडदा आणि त्यावर बोराएवढी अक्षरं. त्या मोठ्या पडद्यावर आता एक गोल फिरत होता, आणि सुकुमार त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते.

“राहू द्या हो,” स्वयंपाकघरातून आवाज आला. बेसन भाजल्याचा वास घरभर पसरला होता. “स्टँडवर जाऊन काढू.”

“स्टँडवर आता तिकिटाची खिडकी कुठं राहिलीय?”

“मग उभी राहून जाईन. पण गुरुवारी जाणार. भरतेश वाट बघतोय.”

सुकुमारांनी करायचं ते सगळं केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीची वायर काढून परत खोचली. वीजबिलाचं पान उघडून बघितलं, ते अर्धंच आलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं पान आलंच नाही. फोनवरूनही तीच गत. म्हणजे दोष एका साइटचा नाही आणि एका यंत्राचाही नाही, दोष घरातल्याच लाइनीत कुठंतरी आहे, इथवर ते आले.

तेवढ्यात त्रिशलाबाई पदराला हात पुसत आल्या. “सरका बघू जरा,” म्हणत त्यांनी एकच बटण दाबलं. दुसऱ्याच क्षणी पडदा मोठ्या अक्षरांनी भरून गेला.

‘आज सकाळी धुकं होतं. घनसाळ भात पोटरीत आलाय, वास सुटेल आता. ताई गुरुवारी येणार म्हणून अंगण सारवून घेतलं.’

“हे बघा. आजऱ्याचं पान तेवढं लगेच उघडतं,” त्या कौतुकानं म्हणाल्या. “यंत्राला काही झालेलं नाही. तुमचा हातच तसला.”

त्या परत बेसनाकडे गेल्या. सुकुमार तसेच उभे राहिले. सगळ्या गल्लीचे नळ कोरडे पडलेले असताना एकाच घरात धो धो पाणी येत असेल, तर ते पाणी लाइनीतून येत नाही, एवढं त्यांना नोकरीनं पक्कं शिकवलं होतं. त्यांनी डबीच्या कंपनीला फोन लावला.

भरतेश चौगुले हा त्रिशलाबाईंचा धाकटा भाऊ. आजऱ्यात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त करून वापरायची पद्धतच गेली तेव्हा त्यानं दुकान बंद केलं आणि गावाबाहेरच्या वस्तीवर एकटा राहू लागला. दुसऱ्याच्या कंपनीत आपली वेबसाइट ठेवणं म्हणजे आपलं धान्य शेजाऱ्याच्या कणगीत ठेवणं, असं म्हणून त्यानं घरातल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचं पान चालवलं होतं. त्यावर तो रोज चार ओळी लिहायचा. ऊन-पाऊस, भाताची खबर, आणि बाकी तक्रारी. तक्रारींत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बहिणीनं केलेल्या बेसनाच्या लाडवात वेलदोडा जास्त पडतो, हे त्यानं तिच्या लग्नाच्या आधीपासून आजतागायत सांगितलेलं होतं.

आजतागायत म्हणजे आठ वर्षांपूर्वीपर्यंत. आठ वर्षांपूर्वी त्यांची आई आजारी पडली. भरतेश म्हणत होता, तिला इथंच, तिच्या घरात राहू दे. त्रिशलाबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी आईला कोल्हापूरला आणून मोठ्या दवाखान्यात ठेवलं, आणि आई तिथंच, नळ्या लावलेल्या अवस्थेत गेली. तेराव्याच्या आतच भरतेश बहिणीला सगळ्यांसमोर म्हणाला, “आईला तू परक्या छताखाली मारलंस.” त्यानंतर दोघांत बोलणं झालं नाही. पण त्रिशलाबाई रोज सकाळी, चहाचा कप हातात घेऊन, त्याचं पान मात्र उघडायच्या. वाचायच्या आणि मिटायच्या. उत्तर म्हणून कधी एक अक्षर लिहायच्या नाहीत.

ते पान उघडायचं म्हणजे दिव्यच होतं. भरतेशच्या वस्तीपर्यंतची लाइन जंगलातून, खांबावरून, झाडाला घासत आलेली. पांढरा पडदा, फिरता गोल, आणि त्यापुढं गार होत चाललेला चहा. हे रोज बघून सुकुमारांचाच जीव कासावीस व्हायचा. म्हणून गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी ‘तत्पर’ नावाची डबी आणून भिंतीला बसवली.

या डबीची करामत समजायला फार शिकायला नको. कुठलंही पान इंटरनेटवरून एका गाठोड्यात येत नाही. आधी पत्ता विचारायचा, मग मजकूर मागायचा, मग चित्रं, मग आणखी काही. प्रत्येकासाठी एक जा-ये. त्यातली एक अडली की सगळंच अडतं. यावरचा जुना उपाय म्हणजे कालच्या पानाची एक प्रत घरात ठेवायची, घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी ठेवतात तशी. ‘तत्पर’वाले एक पाऊल पुढं गेले. त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक पानं रोज थोडीशीच बदलतात आणि त्या बदलण्यालाही एक वळण असतं. काही महिने एखादं पान बघितलं की डबी त्याचं वळण शिकते. मग खरं पान वाटेत असतानाच ती अंदाजानं पान रचून पडद्यावर दाखवते, आणि खरं येऊन पोचलं की चुकलेले शब्द गुपचूप बदलून टाकते. वाचणाऱ्याला थांबावंच लागत नाही. पैशांच्या आणि तिकिटांच्या पानांवर असा अंदाज दाखवायला कायद्यानं बंदी होती. बाकी ठिकाणी पान अंदाजाचं असेल तोवर वरच्या कोपऱ्यात एक करडा ठिपका दिसायचा, तोही कायद्यानंच. मगदूमांच्या घरी अक्षरं इतकी मोठी केलेली होती की तो कोपरा पडद्याबाहेर गेला होता.

डबी बसवताना सुकुमारांनी आजऱ्याच्या पानासमोर एक खूण मुद्दाम केली होती. ‘या पानासाठी मला कधीही थांबायला लावू नका.’ बायकोला न सांगता केलेली ती भेट होती, आणि त्यांना तिचा मनातून मोठा अभिमान होता.

दुपारी कंपनीकडून रेश्मा मुजावर आली. त्रिशलाबाई तेव्हा बस्तीत गेल्या होत्या. बस्ती म्हणजे गल्लीच्या टोकाचं जैन मंदिर. तिथं दुपारचं प्रवचन असायचं.

रेश्मानं आधी बाहेरून येणारी वायर तपासली. “लाइन ठणठणीत आहे, काका.” मग तिनं डबीला स्वतःचं यंत्र जोडलं आणि बराच वेळ त्यात बघत राहिली. “डबी दमलीय तुमची.”

“दमलीय म्हणजे?”

“घरातलं सगळं इंटरनेट हिच्यातनं जातं ना? आणि हिची निम्म्याहून जास्त ताकद एकाच पानावर खर्च होतेय. उद्याचं, परवाचं, पुढच्या महिन्याचं पान आत्ताच रचून ठेवतेय. काकू कुठल्या ओळीवर थांबतात, कुठली ओळ पुन्हा वाचतात, ते बघून परत परत दुरुस्त करतेय. बाकीच्या साइटना वाटच मिळेना, म्हणून त्या अडकतात.”

“कुठलं पान?” सुकुमारांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

“आजऱ्याचं कुठलं तरी आहे. याचं खरं पान शेवटचं आलंय ते मे महिन्यात.”

सुकुमार खुर्चीवर बसले. बाहेर दिवाळीच्या आधीची साफसफाई चाललेली होती, कुणीतरी गादी झोडपत होतं.

“मे महिन्यात तिकडची लाइन काही दिवस बंद पडलेली दिसते,” रेश्मा सांगत होती. “तेव्हा डबीनं आपला अंदाज दाखवला. वाचणाऱ्याची तक्रार आली नाही. तुम्ही थांबायला लावू नका अशी खूण केलेली. खरं पान विचारायला गेलं की थांबावं लागतं, म्हणून तिनं पुढं विचारायचंच सोडून दिलं. मग कालच्या अंदाजावर आजचा अंदाज, त्यावर उद्याचा.”

“पण त्यानं ‘उत्तम क्षमा’ लिहिलं होतं.”

रेश्माला ते कळलं नाही. भाद्रपदातलं दहा दिवसांचं पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो, आणि त्या दिवशी प्रत्येक जैन माणूस लहानथोरांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतो, वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं त्याची माफी मागतो, हे सुकुमारांनी तिला सांगितलं. आठ वर्षं भरतेशनं त्या दिवशी पान कोरं ठेवलं होतं. यंदा मात्र पानावर अक्षरं उमटली होती, ‘ताई, उत्तम क्षमा.’ त्रिशलाबाई ते वाचून कितीतरी वेळ देवापुढं बसल्या होत्या, आणि मग त्यांनी आठ वर्षांतलं पहिलं उत्तर लिहिलं होतं.

“त्या दिवशी तुमच्याकडची सगळी पानं तेच लिहीत असतील ना, काका?” रेश्मा हळू आवाजात म्हणाली. “मग हिनंही तेच लिहिलं.”

“आणि त्रिशलानं लिहिलेली उत्तरं?”

“इथंच आहेत. लाइन मिळाली की पाठवायची म्हणून ठेवलेली.” तिनं खऱ्या साइटला सरळ विचारून बघितलं. पडद्यावर आलं, ‘ही साइट उत्तर देत नाही.’

सुकुमार खुर्चीवरून उठले. “म्हणजे तो...”

“मशीन बंद आहे एवढंच कळतं यातनं. माणसाचं कळत नाही,” ती म्हणाली. मग तिनं डबीच्या मागचं सुईच्या टोकाएवढं भोक दाखवलं. “आत टोचलं की साठवलेलं सगळं पुसलं जाईल. सगळ्या साइट धावायला लागतील. करू का?”

“थांब,” सुकुमार म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं.

रेश्मा गेल्यावर त्यांनी भरतेशचा जुना नंबर लावला. तो नंबर आता वापरात नव्हता. मग ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि यंदाच्या मेपासूनची पानं वाचू लागले. वाचता वाचता त्यांना भीती वाटायला लागली, ती त्या पानांतल्या गोडव्याची. जूनमधला भरतेश अजून किरकिरा होता. जुलैत तो बहिणीच्या तब्येतीची चौकशी करू लागला. श्रावणात त्याला तिच्या हातच्या आमटीची आठवण आली. क्षमावाणीनंतर त्यानं लिहिलं होतं, ‘आई तुझ्याकडं होती तेच बरं झालं, ताई. शेवटी ती सुखात गेली.’

या ओळीवर त्रिशलाबाई किती दिवस थांबल्या होत्या, ते डबीला ठाऊक होतं. सुकुमारांना वेगळंच काही ठाऊक होतं. आठ वर्षं त्यांची बायको मध्येच जागी होऊन अंथरुणात बसून राहायची. ही ओळ आल्यापासून ती सलग झोपत होती.

आता काय करायचं? गप्प राहिलं तर गुरुवारी ती लाडवांचा डबा घेऊन अशा दारात जाऊन उभी राहणार, जिथून तिला कुणी बोलावलेलंच नाही. किंवा ज्या दारात कुणी नसेलच. काहीतरी निमित्त काढून तिचं जाणं लांबवलं, तर डबी उद्याही लिहील, परवाही लिहील, आणि त्रिशला झोपेल. निमित्त काढणं अवघड नव्हतं. ‘तिकीट मिळत नाही’ हे तर खरंच होतं. सुकुमार बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्रिशलाबाई सूर्यास्ताच्या आत जेवत. त्यांचं ताट झाल्यावर, हात धुऊन आल्यावर, सुकुमारांनी सांगितलं. मधलं काही गाळलं नाही. स्वतः केलेली खूणही सांगितली.

त्रिशलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “‘उत्तम क्षमा’सुद्धा?”

“तेपण.”

“आणि आईचं?”

“तेपण यंत्राचंच.”

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. सुकुमारांना वाटलं आता रडतील, किंवा आपल्याला बोलतील, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझ्या मनात येत होतं,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “गेल्या महिन्यात मी त्याला लिहिलं, लाडू घेऊन येते. तर म्हणतो, तुझ्या लाडवांची सर कशाला नाही. भरतेश असं म्हणेल? जन्मात नाही म्हणणार. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. पण मला गोड पाहिजे होतं हो. आठ वर्षांनी कुणीतरी म्हटलं, तू आईला मारलं नाहीस. मग कोण म्हटलं ते मी बघितलं नाही.”

“चूक माझी आहे. मीच ती डबी आणली.”

“तुमची चूक आहेच,” त्या म्हणाल्या, आणि वळल्या. डोळे भरलेले होते, आवाज मात्र नेहमीचा होता. “सुई कुठंय?”

“अगं, पुसलं की सगळं जाईल. ती ओळपण.”

“जाऊ दे. तो तिकडं आहे की नाही ते माहीत नाही, आणि मी इथं त्याच्याशी बोलतेय. सुई द्या इकडं.”

त्यांनी आपला साधा, वाचायचा चष्मा नाकावर नीट बसवला, डबी उलटी केली, आणि सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरून टोचलं. डबीवरचा दिवा विझला आणि परत लागला. एसटीचं पान पहिल्याच फटक्यात उघडलं.

“दोन काढा,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “त्यानं बोलावलेलं नाही. पण लाडू झालेत.”

आजऱ्याला उतरून ते रिक्षानं वस्तीवर गेले. डबीनं सारवून घेतलेल्या अंगणात गुडघाभर गवत होतं. दार लोटलेलं होतं. त्रिशलाबाई फाटकातच थांबल्या, त्यांचा पाय पुढं होईना. सुकुमारांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मारली, तेव्हा आतून खोकल्याचा आवाज आला आणि दाढी वाढलेला, बनियन घातलेला भरतेश दारात आला. सुकुमारांच्या जिवात जीव आला.

त्यानं दाजींकडे बघितलं, मग बहिणीकडे.

“आलीस होय,” तो म्हणाला. “चप्पल तिथं काढू नको. मुंग्या आहेत.”

तो चहा करायला आत गेला. ती दोघं त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरातच जाऊन बसली, कारण बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती, जुन्या रेडिओंचे सांगाडे होते. त्रिशलाबाईंनी आडपडदा ठेवला नाही. डबीचं सगळं सांगून टाकलं. भरतेश एकेकाळचा मेकॅनिक, आधी तो त्यातल्या करामतीतच गुंगला.

“म्हणजे माझ्या नावानं ती लिहीत होती? काय लिहिलं?”

“गोड गोड.”

“आणि तुला पटलं?”

“पटवून घेतलं,” त्रिशलाबाई म्हणाल्या.

त्यानं दोघांना चहा गाळून दिला, स्वतःचा परत गॅसवर ठेवला. सुकुमारांची नजर शेगडीच्या वरच्या फळीवर गेली. तिथं सासूबाईंचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी वायरीला लोंबणारा, बोटाच्या पेराएवढा हिरवा दिवा. विझलेला.

“हे काय रे?” त्यांनी विचारलं.

भरतेशनं उत्तर दाजींना दिलं, बहिणीकडे बघितलं नाही. “जुन्या रेडिओतला आहे. स्टेशनच्या पट्टीमागं असायचा बघा. तो मी कॉम्प्युटरला जोडला. कुणी पान उघडलं की लागतो. इकडची लाइन ही असली, पान जायला वेळ लागतो. जाईपर्यंत दिवा लागून राहतो. इथं चहा उकळायचा, तोवर दिवा.”

“कुणी म्हणजे कोण कोण उघडायचं?”

“कोण कोण कुठलं? यंत्रांचे हेलपाटे गाळले की एकच वाचक होता.”

त्रिशलाबाईंनी कप खाली ठेवला. “तुला माहीत होतं? आठ वर्षं?”

“सकाळी दिवा लागला की कळायचं. उठलीस, चहा घेतलास, डोळे ठीक आहेत.” त्यानं गॅस उगीचच बारीक केला. “मेमध्ये वीज पडली, लाइन गेली. जोडून घेतली, तर दिवा लागेना. मला वाटलं वायर तुटली. बदलली. परत बदलली. मग पावसाळाभर बघितलं. फोन करायला हात गेला होता. पण म्हटलं, उचललाच नाही तर?”

त्यानं आतल्या खोलीतला कॉम्प्युटर चालू केला. धूळ बसली होती. त्याच्या पानावरचा शेवटचा मजकूर क्षमावाणीच्या दिवसाचा होता, आणि ती एकच ओळ होती. ‘ताई, बरी आहेस ना?’ त्या दिवशी दिवा लागला नाही, तेव्हा त्यानं यंत्र बंद करून टाकलं होतं.

सुकुमार त्या ओळीपुढं मान खाली घालून उभे राहिले. बायकोच्या वाट्याचं जे थांबणं त्यांनी प्रेमापोटी काढून टाकलं होतं, तेवढंच काय ते या दोघांचं आठ वर्षांचं बोलणं होतं. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

“आईबद्दल तू म्हणालास,” त्रिशलाबाईंनी विचारलं, “ते अजून तसंच वाटतं तुला?”

भरतेश खोटं बोलणारा नव्हता. “वाटतं,” तो म्हणाला. मग त्यानंच पुढं जोडलं, “पण आता रोज वाटत नाही.”

“मलापण वाटतं,” त्या म्हणाल्या. “तुझंच खरं होतं असं. रोज नाही.”

मग त्यांनी डबा उघडला. भरतेशनं एक लाडू खाल्ला, दुसरा घेतला, आणि चकार शब्द काढला नाही. पाहुण्यांची भीड पडली असावी.

निघताना फाटकापाशी त्रिशलाबाई वळल्या आणि त्यांनी धाकट्या भावाला हात जोडले. “उत्तम क्षमा.”

“आता? क्षमावाणी होऊन महिना गेला,” तो कुरकुरला. पण त्याचेही हात जोडले गेले, आणि बराच वेळ तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमारांनी आजऱ्याच्या पानासमोरची खूण काढून टाकली. त्रिशलाबाई चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या. पडदा पांढरा झाला. मधोमध गोल फिरू लागला. फिरत राहिला.

सुकुमारांचा हात सवयीनं बटणाकडे गेला. त्रिशलाबाईंनी तो वरच्यावर धरला.

“थांबा की. तिकडं दिवा लागलाय.”

मग दोघंही थांबले. सुकुमारांना पहिल्यांदाच तो गोल बघताना राग आला नाही. चहावर साय धरली. शेवटी वरून एक-एक ओळ उतरू लागली.

‘काल ताई आणि दाजी येऊन गेले. दाजी लई म्हातारे दिसायला लागले. अंगणातलं गवत काढायचं राहिलंय, पण सांगून कुठं आली ती. लाडवात वेलदोडा जास्त.’

त्रिशलाबाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. त्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. “हा भरतेश,” त्या म्हणाल्या. “हा आमचा.”

मग त्यांनी पान मिटलं आणि तेच बटण परत दाबलं. पडदा पुन्हा पांढरा झाला.

“अगं, आलं होतं की पूर्ण,” सुकुमार म्हणाले. “परत कशाला उघडतेस?”

“त्याचा चहा अजून उकळला नसेल,” त्रिशलाबाई म्हणाल्या.